पोरगं ‘साकु’ (पुरे) म्हणालं की वाढायचा डाव थांबवा

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भागातल्या मराठी शाळांचे बाई-गुरुजी, एसडीएमसीचे (शाळा समितीचे) सदस्य आणि बिसीऊट म्हणजे शाळेतलं दुपारचं गरम जेवण शिजवणाऱ्या सगळ्या मावश्या यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात खानापूरच्या स्टँडवर बसची वाट बघत उभी होते. एक दाढीवाला तरुण वाकून पाया पडला. "बाई, वळखलासा काय?" मी नाव हुडकत होते तेवढ्यात तोच म्हणाला, "भोपळा!" आणि हसत सुटला. मग आठवला. आता उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला आहे, लग्न झालंय. जाता जाता म्हणाला, "आजबी भोपळा खात न्हाई बगा मी, बाई. सांबारात दिसला तरी पोटात ढवळतंय." बस आली, तो चढला. मला काही हसू आलं नाही.

झालं होतं ते असं. तो चौथीत होता. सांबारातल्या भोपळ्याच्या फोडी रोज बाजूला काढायचा. माझा वर्गाला दंडक होता, ताट लख्ख झाल्याशिवाय उठायचं नाही. एके दिवशी त्याची चड्डी खिशापाशी ओली दिसली. खिशात भोपळा! मी त्याला सगळ्या पंगतीसमोर उभं केलं आणि पातेल्यातल्या चार ताज्या फोडी खायला लावल्या. चौथ्या फोडीला तो व्हरांड्यात ओकला. ते मी त्यालाच पुसायला लावलं. दुपारी स्टाफरूममध्ये हा किस्सा मी अभिमानानं सांगितला होता, हेही इथं लिहून ठेवते. २९ वर्षांच्या नोकरीत असे भोपळे आणखी किती झाले असतील, देव जाणे.

दुसरं कारण घरातच आहे. माझी नात साडेचार वर्षांची. तिच्या जेवणातले पदार्थ बोटांवर मोजता येतात: दूधभात, तूप-साखर लावलेली पोळी, उकडलेला बटाटा, केळं, भाजलेले शेंगदाणे, पोहे (कढीपत्ता वेचून), दही, आणि मूड असला तर भाकरीचा पापुद्रा. वरचा पापुद्राच. खालची बाजू नाही. येणारीजाणारी बाई म्हणते, आईनं लाडावून ठेवलंय. पण तिचा थोरला भाऊ त्याच चुलीवरचं, त्याच आईच्या हातचं खातो आणि कारल्याची भाजी मागून घेतो. मग लाड एकीचेच झाले काय? मी आई म्हणून, बाई म्हणून ज्या गोष्टी ठासून सांगत आले, त्या या पोरीपुढे एकेक करून गळून पडल्या. तेव्हा डॉक्टरांना विचारलं, मिळालं ते वाचलं, आणि आता तुम्हाला लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर पत्र अर्धवट वाचून कुणीतरी म्हणेल की बाई बिसीऊटच्या विरोधात गेल्या. २००३ च्या सुमारास आपल्या जिल्ह्यात सरकारच्या अक्षर दासोह योजनेचं गरम जेवण आलं, त्याआधीची शाळा मी पाहिली आहे. दुपारच्या सुट्टीत घरी गेलेली पोरं परत यायची नाहीत. काहींच्या घरी दुपारी चूल पेटतच नसे. या जेवणानं पोरं शाळेत टिकली. सव्वाशे पोरांचा भात उतरवताना हात भाजून घेणाऱ्या मावश्यांना मिळणारं मानधन बघितलं तर त्यांच्यावर बोट ठेवायला मला तोंडच नाही. माझं म्हणणं जेवणाबद्दल नाही. ते वाढल्यानंतर आपण पोराच्या मानेवर जे बसतो, त्याबद्दल आहे.

आपल्या मराठी घरातल्या पोरांचे पहिले कानडी शब्द कुठले, कधी लक्ष दिलंय? अंगणवाडीतून माझी नात दोन शब्द घेऊन आली. ‘बेड’ आणि ‘साकु’. नको, आणि पुरे. पाटी-पेन्सिलीच्या आधी आली ही अक्कल! आणि त्यावर मावशीचं ठरलेलं उत्तर, "स्वल्प, स्वल्प," म्हणत आणखी एक डाव. आम्ही बायका याला माया म्हणतो. पाहुण्याच्या ताटात आग्रहानं वाढलं नाही तर आपल्याला चैन पडत नाही. मोठा पाहुणा चार घास जास्त जातात म्हणून मरत नाही. पण पोट भरल्याची खूण ओळखायला पोरगं शिकत असतं, आणि आपण दरवेळी तिला खोटं पाडतो.

मुलं अशी का करतात? दोन ते सहा वर्षांच्या मुलात अनोळखी अन्नाची भीती सर्वांत जास्त असते. रांगणं सुटून पोर पायांवर हिंडायला लागलं की जे दिसेल ते तोंडात घालून चालत नाही. रानातला पाला, बी, काहीही असू शकतं. म्हणून या वयात जीभ संशयी होते. कडू चव मुलांना आपल्यापेक्षा जास्त झोंबते. त्यातही काहींच्या जिभेला उपजतच जास्त. जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांतून दिसलंय की नवं अन्न नाकारण्याच्या स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आमच्या घरात माझ्या सासूबाई सांगायच्या की माझा नवरा सात वर्षांचा होईपर्यंत दह्याभातावर जगला. हे मी सोयीस्कर विसरले होते आणि सुनेला बोलत होते.

भुकेचाही हिशेब असतो. तीन किलोचं बाळ वर्षात नऊ किलोच्या आसपास जातं, वजन तिप्पट. दुसऱ्या वर्षी जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, पुढं वर्षाला साधारण दोन. वाढच मंदावली तर भूक मंदावणारच. नेमक्या याच वेळी आया घाबरतात, आणि वाटी घेऊन अंगणभर पोराच्या मागं पळणं सुरू होतं. चिऊ-काऊच्या घासाला माझी हरकत नाही, त्यात पोर निदान आपल्याकडे बघून हसतं. हातात मोबाईल देऊन, ते तिकडं गुंग असताना तोंडात घास कोंबणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याला काय खाल्लं याचा पत्ताच नसतो.

शाळेत आल्यावर यात आणखी एक भर पडते. घरी नाचणीची नाहीतर जोंधळ्याची भाकरी, आमसुलाची आमटी, खानापूरकडे उकड्या तांदळाचा भात. शाळेत पांढरा भात आणि वर सांबार. शनिवारच्या सकाळच्या शाळेत उप्पीट. हा मराठी-कानडीचा मामला समजू नका. माझ्या शेजारच्या कानडी घरातला मुलगाही शाळेतलं सांबार ‘आमच्या आईसारखं नाही’ म्हणून ठेवतो. आईच्या हाताची सवय झालेल्या जिभेला प्रत्येक परका हात नवाच. त्यातून भात आणि सांबार कालवलेलं असलं की काही मुलांना तोंडात नेमकं काय येणार हेच कळत नाही. मऊ भातात मध्येच शेवग्याची शेंग, मग भोपळ्याचा गिलगिलीत तुकडा. आपल्याला ती चव वाटते, त्यांना दगा वाटतो. जेवण वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची असा नियम आहे, आणि मी तो पाळला. मीठ बघितलं, तिखट बघितलं. पाच वर्षांच्या जिभेला हे कसं लागेल, हा विचार कधी शिवला नाही.

आणि जबरदस्ती चालतच नाही, हे दाखवून झालंय. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. बालवाडीतल्या मुलांना काही आठवडे दोन सूपं दिली. एक देताना ‘संपव, संपव’ म्हणत राहिले, दुसरं नुसतं समोर ठेवलं. मुलांनी नुसतं ठेवलेलं जास्त प्यायलं आणि ‘संपव’ म्हटलेल्या सूपाला नावं ठेवली. आमिषाचंही तेच. ‘भाजी खाल्लीस तर कुंदा देईन’ म्हटलं की पोराला एवढंच कळतं की भाजी हे काम आहे आणि कुंदा ही मजुरी. आधीच कुंद्याला कुणाची शिफारस लागत नाही!

‘सक्ती’ हा शब्द आपल्या भागात उच्चारला की म्हाताऱ्या माणसांच्या कपाळावर अजून आठी पडते. आपल्यावर कशाची सक्ती झाली की आपण काय करतो, ते १९८६ साली कानडी सक्तीविरुद्धच्या आंदोलनात साऱ्या देशानं पाहिलं. तेच आपण घरी आणि शाळेत हाताएवढ्या पोरावर भोपळ्याची सक्ती करतो आणि ते तोंड घट्ट मिटून बसलं की म्हणतो, हट्टी आहे.

मग काय करायचं? काय शिजवायचं, किती वाजता वाढायचं, कुठं बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवावं. त्यातलं काय खायचं आणि किती, हे पोरानं. वाचायला सोपं आहे, करून बघा, पहिले पंधरा दिवस हात शिवशिवतात. नावडता पदार्थ ताटातून हद्दपार करायचा नाही. चमचाभर बाजूला ठेवायचा आणि त्याविषयी चकार शब्द काढायचा नाही. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळी हात टेकतो आणि शिक्का मारतो, ‘आमचा गाजर खात नाही.’ नातीपुढे गाजराची चकती मी जानेवारीपासून ठेवत होते. आधी तिनं ती ताटाबाहेर काढली. मग ताटात राहू दिली. मग एकदा चाटून परत ठेवली, आणि मला टाळी वाजवायची इतकी हुक्की आली की मी उठून पाणी प्यायला गेले. होळीनंतर कधीतरी तिनं खाल्ली. भोपळ्याचं विचारू नका.

शाळेत हे कसं जमणार, असं हेडसर विचारतील. रोज शंभर ताटं, प्रत्येकाची मर्जी कुठं राखायची? मर्जी राखू नका. दोनच बदल करा. भात आणि सांबार वेगवेगळं वाढा, कालवायचं ते पोर कालवेल. आणि पहिल्यांदा निम्मं वाढा. सरकारी मापाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरलेली असते. ते माप शिधा काढायचं आहे. एवढं प्रत्येकाच्या पोटात गेलंच पाहिजे, अशी शिक्षा ती नव्हे. पहिलीतल्या मुठीएवढ्या पोरीला आणि पाचवीतल्या दांडगटाला एकाच डावानं वाढलं तर एकीच्या ताटात उरणार आणि दुसरा उपाशी राहणार. निम्मं वाढा, परत मागितलं तर हसून घाला. अन्न वाया जाऊ नये ही तुमची तळमळ मलाही आहे. पण खरकट्याच्या बादलीत जातं ते बहुतेक पहिल्या डावातलंच, मागून घेतलेलं कोण टाकतंय?

दुधाचंही तसंच. शाळेत दूध द्यायची क्षीरभाग्य योजना २०१३ साली सुरू झाली. पावडरीपासून केलेलं १५० मिली दूध. खेड्यातल्या पोरांना घरच्या म्हशीच्या दुधाची सवय; पावडरीचा वास त्यांना लगेच कळतो. त्यात वर साय धरली की संपलंच. नाक दाबून, डोळे मिटून एका दमात पिणारी पोरं मी रांगेनं पाहिली आहेत. साय गाळून घ्या, अर्धा पेला मागणाऱ्याला अर्धा द्या.

अंड्याची गंमत वेगळी आहे. २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीनं आठवड्याचे सहाही दिवस अंडं मिळायला लागलं, आणि न खाणाऱ्याला केळं. आपल्या जिल्ह्यात जैन, लिंगायत घरं भरपूर, त्यामुळे ही सोय हवीच होती. पण मराठ्याच्या घरातल्या एखाद्या पोराला अंड्याचा वास सोसत नसेल आणि त्यानं केळं मागितलं तर सगळी पंगत हसते, आणि कधी कधी गुरुजीही. जातीनं नाही म्हटलं तर मान, जिभेनं नाही म्हटलं तर नखरे. हा कुठला न्याय?

इथं एक फरक करायला हवा, कारण माझ्या सबुरीचा कुणी गैरफायदा घेऊ नये. मावशीची जात विचारून ‘तिच्या हातचं खाऊ नको’ असं घरून शिकवून पाठवलेलं पोर उपाशी बसतं, ते खाण्याचं नखरेल नव्हे. तो रोग पोराचा नाही, त्याच्या बापाचा आहे. तिथं डाव थांबवायचा नाही, बापाला शाळेत बोलवायचं. एसडीएमसी कशासाठी आहे?

आता ज्या मुलांकडे काणाडोळा करायचा नाही, त्यांच्याबद्दल. ‘भूक लागली की खाईल’ हे बहुतेकांना लागू पडतं. काहींना नाही पडत. वजन दोन-तीन महिने जागचं हलत नाही, किंवा उतरतं. खायच्या पदार्थांची यादी वाढण्याऐवजी आखडत जाते, आज पोहे सुटले, उद्या दही. घट्ट काही तोंडात घेतलं की उबळ येते, घास गालात धरून बसतं, गिळताना ठसका लागतो. ताट बघून रडतं, घामाघूम होतं. काही मुलांना अन्नाचा स्पर्श, वास, आवाजसुद्धा सहन होत नाही. स्वमग्न मुलांत हे पुष्कळदा दिसतं. यातल्या टोकाच्या त्रासाला २०१३ पासून मानसोपचाराच्या पुस्तकात वेगळं नाव आहे, एआरएफआयडी. बारीक व्हायच्या वेडाशी त्याचा संबंध नाही, आणि छडीशी तर नाहीच.

साधी कारणंही असतात आणि तीच आधी बघावीत. दात किडलेत का, पोट साफ होतं का? बद्धकोष्ठ असलेल्या पोराला भूक लागणारच कशी? जंतांची गोळी १० फेब्रुवारीच्या मोहिमेत शाळेतच मिळते, ती घरी नेऊन कपाटात ठेवलेली मी पाहिली आहे. अंगात रक्त कमी असलं की भूक मरते, भूक मेली की रक्त आणखी कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ६५ टक्क्यांत रक्त कमी आढळलं. म्हणजे तिघांतल्या जवळजवळ दोघांत. खडू, माती, भिंतीचे पोपडे खाणारं पोर वर्गात दिसलं तर त्याला ओरडण्याआधी रक्त तपासायला पाठवा. मुलांची तब्येत तपासणारं सरकारी आरबीएसकेचं पथक शाळेत येतं तेव्हा आपण उंची-वजन भरून घेतो आणि चहा पाजून पाठवतो. त्यांना न जेवणाऱ्या मुलांची नावं वेगळी काढून द्या. पुढं पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, बेळगावात बिम्सचं सरकारी हॉस्पिटल आहे.

घरच्यांनाही चार शब्द सांगायला लागतील, आणि ते तुम्ही सांगितलेले जास्त ऐकतात. सकाळी चहा-बटर, शाळेच्या वाटेवर पाच रुपयांचं पाकीट, आल्यावर बिस्किटं, संध्याकाळी मोठा पेलाभर दूध. मग आई म्हणते, काही खातच नाही. अहो, खाऊनच तर बसलंय! चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की जेवणाला पोटात जागा उरत नाही. जेवणाआधी दोन-अडीच तास पाण्याशिवाय काही नको, एवढं एक पाळलं तरी निम्म्या तक्रारी मिटतील. पोराला बाजारात घेऊन जा, मटार सोलायला बसवा, भाकरीचा एक गोळा त्याच्या हातात द्या. थापेल, वाकडीतिकडी करील. आमच्याकडे अशाच एका वाकड्या भाकरीची खालची बाजू पहिल्यांदा खाल्ली गेली.

सूनबाईला मी काय काय बोलले ते तिला विसरता येणार नाही, आणि त्या फौंड्रीवाल्यालाही भोपळा आवडायला लागणार नाही. स्टँडवर त्याची माफी मागायला हवी होती, बस आली म्हणून राहिलं. हे पत्र त्याच्यापर्यंत पोहोचलं तर बरं.

शेवटी एक विनंती. तुमच्या शाळेतल्या बिसीऊटच्या खोलीत जाऊन डाव हातात घेऊन बघा. बहुतेक ठिकाणी तो हॉटेलातला मोठा, एका घावात ताट भरणारा असेल. मी गेल्या आठवड्यात भांड्यांच्या दुकानात गेले होते, निम्म्या मापाचा स्टीलचा डाव मिळतो. ज्या शाळेला हवा असेल त्यांनी आमच्या निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत निरोप द्यावा. पहिले दहा माझ्या पेन्शनमधून. त्यापुढं एसडीएमसीनं बघावं.

आपली,
भोपळेवाल्या बाई
(निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका)